मेनआफ्रिव्हॅक लस : आरोग्यक्षेत्रातील एका भागीदारीची घडण

औषधनिर्मितीच्या उद्योगात परस्परसहकार्याचे करार ही नवी गोष्ट नाही. एका संस्थेने संशोधन करावे, दुसरीने उत्पादन करावे आणि तिसरीने विक्रीची व्यवस्था पाहावी, अशी विभागणी या क्षेत्रात फार पूर्वीपासून रूढ आहे. मात्र अशा करारांमागे एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी की, तयार होणारा माल विकत घेण्याची ऐपत असलेले गिऱ्हाईक बाजारात आहे. ज्या रोगाचे बळी दरिद्री देशांत राहतात, त्या रोगाच्या बाबतीत हे गृहीतच लटके पडते. गरज तीव्र असते, शास्त्रीय ज्ञान उपलब्ध असते, उत्पादनाची साधनेही कोठे ना कोठे असतात. परंतु या तिन्हींना एकत्र आणील असा नफा तेथे नसतो. अशा परिस्थितीत भागीदारी कशाच्या आधारावर उभी राहते, हा आरोग्यव्यवस्थेच्या अभ्यासकांपुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मेनआफ्रिव्हॅक या लसीचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. आफ्रिकेतील साथीच्या रोगासाठी पुण्यात तयार झालेली ही लस २०१० साली वापरात आली. तिच्या निर्मितीत एक आंतरराष्ट्रीय आरोग्यसंघटना, एक विनानफा संस्था, अमेरिकन सरकारची एक प्रयोगशाळा, नेदरलँड्समधील एक उत्पादक आणि एक भारतीय खासगी कंपनी यांचा सहभाग होता. या यशाचे श्रेय बहुधा सहभागी संस्थांच्या सदिच्छेला दिले जाते. सदिच्छा होती, यात शंका नाही. परंतु केवळ तिच्या बळावर हे कार्य तडीस गेले नसते, असेच इतिहासाच्या तपशिलावरून दिसून येते.

१. रोग आणि जुन्या लसीची मर्यादा

मस्तिष्कावरणशोथ, म्हणजेच मेनिंजायटिस, हा मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणांना सूज आणणारा रोग होय. तो अनेक जंतूंमुळे होतो; परंतु मोठ्या साथी निर्माण करण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने मेनिंगोकॉकस या जंतूत आहे. बाह्य आवरणातील शर्करेच्या रचनेनुसार या जंतूचे गट पाडले जातात. योग्य उपचार मिळूनही सुमारे दहांपैकी एक रोगी दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना बहिरेपणासारखे कायमचे व्यंग जडते.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस पसरलेल्या प्रदेशास ‘मेनिंजायटिसचा पट्टा’ म्हणतात. लापेसोनी या फ्रेंच वैद्याने १९६३ साली या पट्ट्याचे शास्त्रीय वर्णन केले. डिसेंबर ते जून या कोरड्या महिन्यांत तेथे धुळीचे वारे वाहतात, साथी डोके वर काढतात आणि पावसाळा सुरू होताच ओसरतात. दर काही वर्षांनी त्या उग्र रूप धारण करीत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार मृत्युमुखी पडले. तेथील बहुतेक मोठ्या साथी ‘अ’ गटाच्या जंतूमुळे उद्भवत असत.

या जंतूविरुद्ध लस नव्हती असे नाही. जंतूच्या आवरणातील शर्करा शुद्ध करून केलेली पॉलिसॅकॅराइड लस १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ज्ञात होती. परंतु तिच्यात तीन मोठ्या उणिवा होत्या. अगदी लहान मुलांत तिचा प्रभाव अल्प असे. तिने मिळणारे संरक्षण काही वर्षांतच ओसरे. आणि निरोगी माणसांच्या घशात राहणाऱ्या जंतूंचा ती नायनाट करू शकत नसे. यास्तव साथ सुरू झाल्यावर धावपळ करून लस टोचणे, एवढाच तिचा उपयोग राही. लस पोचेपर्यंत साथीने आपले काम बरेचसे उरकलेले असे.

या उणिवांवरचा उपायही शास्त्रज्ञांना ठाऊक होता. शर्करेचा रेणू एखाद्या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडला, तर शरीरातील टी पेशी या प्रतिकारात सहभागी होतात, प्रतिकारशक्तीला ‘स्मृती’ प्राप्त होते आणि जंतुवाहकांचे प्रमाणही घटते. अशा लसीस संयुग्मित लस म्हणतात. अमेरिकेत १९८७ पासून हिब जंतूविरुद्ध अशी लस वापरात आली आणि ब्रिटनने १९९९ साली ‘क’ गटाच्या मेनिंगोकॉकसविरुद्ध तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करून उत्तम यश मिळविले. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस अडचण शास्त्राची उरली नव्हती. ‘क’ गटाच्या रोग्यांचे देश श्रीमंत होते आणि ‘अ’ गटाच्या रोग्यांचे देश गरीब होते, एवढाच काय तो फरक होता.

२. किंमत प्रथम, भागीदार नंतर

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि सिअॅटल येथील पाथ ही विनानफा संस्था यांनी मिळून मेनिंजायटिस व्हॅक्सीन प्रोजेक्ट हा प्रकल्प सुरू केला. गेट्स प्रतिष्ठानने त्यास ७ कोटी डॉलरचे अनुदान दिले. मार्क लाफोर्स हे प्रकल्पाचे संचालक होते.

प्रकल्पाने आरंभीच एक पाऊल उचलले, आणि पुढील सर्व घटनांवर त्याची छाप पडली. प्रथम प्रयोगशाळेकडे किंवा कारखान्याकडे न वळता प्रकल्पाचे प्रतिनिधी आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त असेल, तर ती लस कितीही गुणकारी असली तरी आपल्या देशांना व्यापक प्रमाणावर घेता येणार नाही, असे तेथे त्यांना स्पष्टपणे सांगण्यात आले. नेहमीच्या व्यवहारात उत्पादनखर्च आधी ठरतो आणि त्यावरून किंमत निघते. येथे हा क्रम उलटा झाला. किंमत आधी ठरली आणि ती परवडेल असा खर्च, अशी पद्धती व असा उत्पादक शोधणे हे प्रकल्पाचे काम झाले.

प्रथम मोठ्या बहुराष्ट्रीय उत्पादकांशी बोलणी झाली. अशा कंपन्यांजवळ संयुग्मित लसींचा अनुभव होता, कुशल माणसे होती, कारखाने होते. तरीही २००२ साली ही बोलणी फिसकटली. त्यामागील कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे. यात कोणाच्या नैतिकतेपेक्षा हिशेबाचा भाग अधिक होता. जो कारखाना आणि जे शास्त्रज्ञ श्रीमंत देशांत कित्येक डॉलरला विकली जाणारी लस तयार करू शकतात, त्यांना अर्ध्या डॉलरच्या लसीच्या कामास लावणे म्हणजे त्या दुसऱ्या लसीच्या नफ्यावर पाणी सोडणे होय. हातची संधी सोडल्याने होणारे हे नुकसान हीच अशा कंपनीच्या दृष्टीने लसीची खरी किंमत असते. अनुदानाची रक्कम वाढविली तरी हे नुकसान सहजासहजी भरून निघत नाही.

यावरून भागीदारीविषयीचा एक सामान्य नियम काढता येतो. सर्वांत समर्थ भागीदार हाच सर्वांत योग्य भागीदार असतो, असे नाही. ज्याला या कामासाठी कमीत कमी गमवावे लागते आणि ज्याला त्यातून इतरत्र न मिळणारे काही प्राप्त होते, तो योग्य भागीदार होय.

३. घटकांची जुळणी

बोलणी मोडल्यानंतर प्रकल्पाने वेगळा मार्ग स्वीकारला. संपूर्ण लस एकाच घराण्याकडून घेण्याऐवजी तिचे घटक सुटे करून प्रत्येकासाठी स्वतंत्र भागीदार शोधण्यात आला. ‘अ’ गटाची शुद्ध शर्करा पुरविण्याचे काम अॅमस्टरडॅम येथील सिंको या उत्पादकाने पत्करले. ती ज्या प्रथिनाशी जोडावयाची, ते धनुर्वाताचे टॉक्सॉइड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या कंपनीत मुबलक प्रमाणात तयार होतच होते. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी स्थापन केलेली ही कंपनी तोपर्यंत गोवर आणि घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात यांच्या लसींची जगातील एक प्रमुख पुरवठादार बनली होती. कमी किंमतीच्या लसी प्रचंड प्रमाणात तयार करून थोड्या नफ्यावर विकणे हाच तिचा नित्याचा व्यवहार होता. सीरमने चाळीस सेंटला एक मात्रा देण्याचे मान्य केले.

उणीव होती ती शर्करा व प्रथिन यांना जोडणाऱ्या पद्धतीची. सीरमला संयुग्मनाचा अनुभव नव्हता आणि ज्यांना तो होता त्यांच्या पद्धती एकस्वांनी बांधलेल्या होत्या. ही उणीव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने भरून काढली. तेथील चे-हुंग रॉबर्ट ली आणि कार्ल फ्राश या शास्त्रज्ञांनी संयुग्मनाची एक नवी पद्धत विकसित केली होती. जुन्या पद्धतींच्या तुलनेने तिच्यात कच्चा माल कमी वाया जात असे, आणि चाळीस सेंटच्या लसीत ही गोष्ट निर्णायक होती. या पद्धतीचा परवाना पाथने अमेरिकन सरकारकडून मिळविला व तो सीरमकडे सोपविला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्या प्रयोगशाळेत जाऊन ही पद्धत प्रत्यक्ष शिकून घेतली आणि नंतर प्रयोगशाळेतील प्रमाणावरून ती कारखान्याच्या प्रमाणावर नेली.

या जुळणीत पाथचे स्थान ध्यानात घेण्यासारखे आहे. पाथने स्वतः लस तयार केली नाही. परवाना मिळविणे, कच्च्या मालाचा करार करणे, चाचण्यांचा खर्च उचलणे आणि पक्षापक्षांतील मतभेद मिटविणे, हे मध्यस्थाचे काम तिने केले. मध्यस्थ हा शब्द व्यापारात काहीशा हीन अर्थाने वापरला जातो. येथे मात्र मध्यस्थ नसता तर अमेरिकेतील प्रयोगशाळा, युरोपातील उत्पादक आणि पुण्यातील कंपनी एकमेकांपर्यंत पोचल्याच नसत्या.

४. लाभ आणि जोखीम यांची वाटणी

कोणत्या पक्षाने काय दिले हे पाहिल्यावर कोणाला काय मिळाले, हे पाहणेही क्रमप्राप्त आहे. सीरमला संयुग्मनाचे तंत्रज्ञान मिळाले. चाळीस सेंटच्या विक्रीतून होणाऱ्या नफ्यापेक्षा हा लाभ कितीतरी मोठा होता. कारण आधुनिक काळातील अनेक मौल्यवान लसी याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. याच कंपनीच्या न्यूमोकॉकसविरोधी संयुग्मित लसीस २०१९ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली, यावरून या ज्ञानाचे मोल कळून येते. पाथ आणि आरोग्य संघटना यांना ठरलेल्या किंमतीत लस मिळाली. अमेरिकन प्रयोगशाळेला आपले संशोधन कपाटात पडून न राहता वापरात आल्याचे समाधान लाभले.

जोखमीची वाटणीही अशीच विचारपूर्वक झाली. लस चाचणीत निष्फळ ठरली असती, तर संशोधनाचा मोठा खर्च अनुदानातून गेला असता. उत्पादनासाठी उभारलेल्या व्यवस्थेचा भार मात्र कंपनीवर पडला असता. म्हणजे विज्ञानाची जोखीम मुख्यतः दात्याने आणि उत्पादनाची मुख्यतः उत्पादकाने उचलली. तिसरी जोखीम मागणीची होती. लस तयार झाली आणि ती कोणी विकतच घेतली नाही तर? गावी या आंतरराष्ट्रीय लस-आघाडीने पट्ट्यातील देशांना लस देण्यासाठी निधी मंजूर केल्यावर ही शंका बरीच दूर झाली. ज्या भागीदारीत या तीन जोखमींपैकी एखादी कोणाच्याच माथी नसते, ती भागीदारी पहिल्याच अडचणीत डळमळते.

५. चाचणी, मान्यता आणि परिणाम

२००५ साली भारतात प्रौढांवर पहिली चाचणी झाली. २००६ पासून माली व गाम्बिया येथे आणि त्यानंतर सेनेगल येथेही चाचण्या घेण्यात आल्या. ज्या समाजाला लस द्यावयाची, त्याच समाजात तेथील संशोधकांच्या सहभागाने तिची परीक्षा झाली. जुन्या लसीच्या मानाने नव्या लसीने कितीतरी अधिक प्रतिपिंडे निर्माण होतात, असे या चाचण्यांत आढळले. भारतीय औषध नियंत्रकांचा परवाना २००९ च्या डिसेंबरमध्ये आणि आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता २०१० च्या जूनमध्ये मिळाली.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो येथे मोहिमेचा औपचारिक प्रारंभ झाला. वय वर्षे १ ते २९ या गटातील प्रत्येकास एक मात्रा देण्याचे धोरण होते. केवळ आजारी पडू शकणाऱ्यांनाच नव्हे, तर जंतू बाळगणाऱ्या तरुणांनाही लस दिली म्हणजे संक्रमणाची साखळी तुटते, हा त्यामागील हेतू होता. तो सफल झाल्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा चाडमधून मिळाला. २०११ च्या अखेरीस तेथील राजधानी एन्जामेना व लगतच्या प्रदेशात सुमारे अठरा लाख लोकांना लस देण्यात आली. लस न दिलेल्या प्रदेशाशी तुलना करता पुढील हंगामात मेनिंजायटिसचे प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी आढळले आणि घशात ‘अ’ गटाचा जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाण तर ९८ टक्क्यांनी घटले.

वितरणाच्या बाजूनेही एक उल्लेखनीय सुधारणा झाली. लस सतत थंड ठेवणे हा दुर्गम खेड्यांतील मोहिमांचा सर्वांत कष्टाचा भाग असतो. ही लस ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात चार दिवसांपर्यंत टिकते, हे सिद्ध झाल्यावर २०१२ साली तसा वापर करण्यास मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी बेनिनमध्ये तो प्रथम करण्यात आला. बर्फाची वाहतूक वाचल्याने शेवटच्या टप्प्यातील खर्च व श्रम दोन्ही कमी झाले.

पुढील काळात पट्ट्यातील वीसहून अधिक देशांत तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘अ’ गटाच्या मेनिंजायटिसचा एकही निश्चित रोगी आढळलेला नाही. शतकभर भय निर्माण करणाऱ्या साथीचा असा अस्त सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

६. मर्यादा

हे यश मान्य करूनही त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करता येत नाही. पहिली मर्यादा किंमतीच्या अर्थाविषयीची आहे. चाळीस सेंट ही कारखान्यातील मात्रेची किंमत होय. ती मात्रा खेड्यातील मुलाच्या दंडापर्यंत पोचविण्यासाठी लागणारी माणसे, वाहने व देखरेख यांचा खर्च त्यात धरलेला नाही. त्याचा मोठा भाग बाहेरील निधीवर अवलंबून राहिला. दात्याने हात आखडता घेतल्यास स्वस्त लसदेखील महाग ठरू शकते.

दुसरी मर्यादा जंतूच्या स्वभावाविषयीची आहे. लस ‘अ’ गटापुरतीच होती. तो गट मागे हटला. परंतु इतर गटांच्या साथी चालूच राहिल्या. २०१७ साली नायजेरियात ‘क’ गटाच्या साथीत चौदा हजारांहून अधिक संशयित रोगी आणि अकराशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. उत्तरादाखल पाथ आणि सीरम यांनी पुन्हा एकत्र येऊन पाच गटांविरुद्धची लस सिद्ध केली. तिला २०२३ च्या जुलैमध्ये पूर्वपात्रता मिळाली आणि २०२४ साली नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरात आणली. पहिल्या करारातून उत्पन्न झालेला विश्वास दुसऱ्या कराराच्या कामी आला. तथापि नवी लस पूर्वीच्या लसीहून महाग आहे आणि आरंभीच ठरविलेल्या किंमतीचा तो कठोर नियम तिच्या बाबतीत तितक्याच प्रमाणात पाळता आलेला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर मर्यादा एकाच उत्पादकावर विसंबण्याची आहे. मेनआफ्रिव्हॅकच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्षात उतरला नाही. म्हणून तो नव्हता असे म्हणता येणार नाही. त्याचे स्वरूप कोविडच्या साथीत उघड झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठ व अॅस्ट्राझेनेका यांच्या लसीच्या उत्पादनाचा परवाना सीरमकडे होता आणि कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेने गरीब देशांच्या पुरवठ्याची भिस्त बऱ्याच अंशी त्या कंपनीवर ठेवली होती. २०२१ च्या वसंतात भारतातच साथीचा कहर झाला, देशाबाहेर लस पाठविणे जवळजवळ थांबले आणि ते वर्षअखेरीस पुन्हा सुरू होईपर्यंत आफ्रिकेतील अनेक देशांना वाट पाहावी लागली. स्वदेशातील नागरिक मृत्यूशी झुंजत असताना कोणतेही सरकार याहून वेगळे वागले असते, असे मानणे कठीण आहे. म्हणून दोष निर्णयात शोधण्यापेक्षा योजनेच्या बांधणीत शोधणे अधिक युक्त होय. जो भागीदार स्वस्त आहे तोच एकमेव ठेवला, तर आज वाचलेल्या पैशाची किंमत उद्या दुसऱ्या रूपाने मोजावी लागते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून आरोग्यक्षेत्रातील भागीदारीविषयी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. ज्याला वस्तू वापरावयाची आहे, त्याला काय परवडेल हे प्रथम विचारले पाहिजे. भागीदाराची निवड त्या उत्तरावरून झाली पाहिजे. प्रत्येक पक्षाला उद्दिष्टाव्यतिरिक्त स्वतःचा असा काही लाभ दिसला पाहिजे आणि तो इतर पक्षांना ठाऊक असला पाहिजे. संशोधन, उत्पादन व मागणी या तिन्हींतील जोखीम कोणाची, हे कागदावर स्पष्ट झाले पाहिजे. आणि पुरवठ्याचा दुसरा मार्ग, थोडा महाग पडला तरी, आरंभापासून मोकळा ठेवला पाहिजे. मेनआफ्रिव्हॅकच्या भागीदारीने यांतील शेवटची सोडून इतर अटी पाळल्या. शेवटची तिला पाळता आली नाही.

ही घडण इतर रोगांना सरसकट लागू पडेल, असे मात्र समजू नये. येथे शत्रू एक व ओळखीचा होता, लसीचे तत्त्व आधीच सिद्ध झालेले होते आणि एका मात्रेत काम भागत होते. क्षय किंवा हिवताप यांसारख्या रोगांत यांपैकी एकही अट पूर्णपणे लागू होत नाही. तेथे विज्ञानाची जोखीमच एवढी मोठी असते की, किंमत आधी ठरविण्याचा आग्रह धरल्यास भागीदारच पुढे येणार नाहीत. त्या रोगांसाठी भागीदारीचे स्वरूप कसे असावे, जोखमीचा कोणता वाटा सार्वजनिक निधीने उचलावा आणि त्याच्या मोबदल्यात किंमतीवर कोणते बंधन घालावे, हे प्रश्न अद्याप खुले आहेत. औषधशास्त्र, अर्थशास्त्र व विधी या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.